पार्किन्सन्समधल्या डिमेन्शियाच्या औषधाची ट्रायल: घरच्या माणसाला घालण्याआधी आणि घातल्यावर काय काय करायचं

मी मुंबईत एका न्यूरॉलॉजी विभागात ट्रायल कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे एखादं औषध पेशंटना देऊन तपासलं जातं तेव्हा तारखा, चाचण्या, फॉर्म, गोळ्यांचा हिशेब आणि नातेवाइकांचे फोन हे सगळं माझ्याकडे असतं. पार्किन्सन्स जुना झाल्यावर बऱ्याच जणांना जो डिमेन्शिया होतो, म्हणजे विसरणं आणि गोंधळ इतका वाढतो की रोजची कामं अडतात, त्याच्या औषधांबद्दल लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात आणि बरेचदा सही करून झाल्यावर विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. या ट्रायलमधलं बरंचसं मोजमाप रक्तातून किंवा स्कॅनमधून होत नाही, ते पेशंटची बुद्धीची चाचणी घेऊन आणि सोबत येणाऱ्या घरच्या माणसाला विचारून होतं. तुम्ही घरी काय बघता, ते किती खरं सांगता, दर वेळी तुम्हीच येता का, यावरही औषध चालतंय की नाही हे ठरतं. त्यामुळे "बाबांना ट्रायलमध्ये घालू का" याच्या आधी "बाबांसोबत कायम कोण येणार" हे घरात बसून ठरवा.

आता पहिलं काम म्हणजे हा खरंच डिमेन्शिया आहे का हे डॉक्टरांकडून पक्कं करून घेणं. १८१७ मध्ये जेम्स पार्किन्सनने या आजाराचं पहिलं वर्णन लिहिलं तेव्हा बुद्धीला धक्का लागत नाही असं म्हटलं होतं आणि अजूनही घरोघरी तोच समज आहे, हात थरथरतो, चाल मंदावते, बस. पण ऑस्ट्रेलियात सिडनीला पेशंट वर्षानुवर्षं बघत राहिले तेव्हा २० वर्षांनी जे हयात होते त्यांच्यातल्या ८३ टक्क्यांना डिमेन्शिया होता. म्हणजे हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही, फक्त घरचे "वय झालं" म्हणून सोडून देतात आणि ओपीडीत पाच मिनिटांत फक्त थरथरीबद्दल बोलून येतात.

यातला विसरभोळेपणा अल्झायमरसारखा नसतो हेही लक्षात घ्या. इथे आठवण पुसली जाण्यापेक्षा ती बाहेर काढायला वेळ लागतो, थोडा इशारा दिला की नाव आठवतं. जास्त अडतं ते लक्ष टिकवायला, एकापाठोपाठ एक कामं करायला, अंतराचा आणि आकाराचा अंदाज घ्यायला. एक दिवस माणूस एकदम चांगला बोलतो, दुसऱ्या दिवशी धुक्यात असल्यासारखा. आणि भास होतात, बहुतेक वेळा दिसण्याचे, खिडकीत मुलं बसलीत, पलंगाखाली मांजर आहे असे. पार्किन्सन्सची लक्षणं सुरू होऊन वर्षभर तरी गेल्यावर डिमेन्शिया आला तर त्याला पार्किन्सन्समधला डिमेन्शिया धरतात, आणि विसरणं, भास हे आधी किंवा त्याच वर्षात सुरू झालं असेल तर लेवी बॉडी डिमेन्शिया धरतात. दोन्हींमध्ये मेंदूत आल्फा सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गाठी होतात, पण ट्रायलच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून "आधी काय सुरू झालं आणि कधी" हे घरातल्या जुन्या माणसांना विचारून, जुने केसपेपर काढून लिहून ठेवा. गणपतीत आले होते तेव्हा ठीक होते, पुढच्या दिवाळीला नातवाचं नाव चुकले, अशा आठवणीसुद्धा चालतात, आम्ही त्यावरून तारीख बसवतो.

आणि डिमेन्शिया नसतानाही डिमेन्शियासारखं दिसणाऱ्या गोष्टी आधी तपासून घ्या. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, बी-१२ कमी असणं, थायरॉइड, डिप्रेशन, पडल्यानंतर डोक्यात साचलेलं रक्त. चार दिवसांत अचानक बडबड सुरू झाली, झोप उलटी झाली तर ती ट्रायलची नाही, तातडीने डॉक्टरकडे न्यायची केस आहे. मग औषधं बघा. थरथरीसाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल, आपल्याकडे पॅसिटेन नावाने बऱ्याच घरांत असते ती, मेंदूतलं लक्ष आणि आठवणीसाठी लागणारं रसायन अ‍ॅसिटिलकोलीन अडवते आणि या आजारात नेमकं तेच आधीच कमी झालेलं असतं. वयस्कर माणसाचा गोंधळ तिच्यामुळे वाढू शकतो. लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या काही गोळ्या, अ‍ॅलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या यांचंही तसंच. स्वतःहून एकदम बंद करू नका, पण न्यूरॉलॉजिस्टला थेट विचारा की हळूहळू कमी करता येईल का. काही जणांचं इथेच बरंच सुधारतं आणि ट्रायलची गरजच उरत नाही, आणि मला विचाराल तर हा सगळ्यात चांगला निकाल.

पुढचा प्रश्न, आत्ता मिळतं ते औषध घेऊन झालंय का? रिव्हास्टिग्मिन हे अ‍ॅसिटिलकोलीन टिकवून धरणारं औषध आहे आणि पार्किन्सन्समधल्या डिमेन्शियावर त्याचा मोठा अभ्यास २००४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. ५४१ पेशंट होते, ३६२ जणांना औषध, १७९ जणांना प्लासिबो म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, २४ आठवडे. अमेरिकेत २००६ मध्ये त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. त्यातले आकडे मी मुद्दाम देते कारण लोकांच्या अपेक्षा फार असतात. बुद्धीच्या ज्या चाचणीवर मोजलं तिची पट्टी ७० गुणांची, जितके गुण जास्त तितकी अवस्था वाईट. औषधवाल्यांचे सरासरी २.१ गुण सुधारले, प्लासिबोवाल्यांचे ०.७ बिघडले. एकंदरीत नजरेत भरेल अशी सुधारणा औषधवाल्यांपैकी १९.८ टक्क्यांत आणि प्लासिबोवाल्यांपैकी १४.५ टक्क्यांत. आणि स्पष्ट बिघाड औषधवाल्यांत १३ टक्के, प्लासिबोवाल्यांत २३.१ टक्के. हे आकडे नीट बघा. फायदा खरा आहे, पण तो बराचसा "घसरण थांबली" या रूपातला आहे, बाबा पुन्हा बँकेचे व्यवहार बघायला लागतील असला नाही. ही समज घेऊन ट्रायलमध्ये येणारे लोक शेवटपर्यंत टिकतात, चमत्काराच्या आशेने आलेले महिन्याभरात नाराज होऊन फोन उचलणं बंद करतात आणि त्यांचा राग मला समजतो, कारण त्यांना कोणीतरी नीट सांगायलाच हवं होतं.

त्याच अभ्यासात मळमळ २९ टक्क्यांना झाली, प्लासिबोवाल्यांत ११.२ टक्क्यांना. उलट्या १६.६ विरुद्ध १.७ टक्के. थरथर वाढल्याचं १०.२ टक्क्यांनी सांगितलं, तिकडे ३.९. म्हणजे डोक्यासाठी घेतलेलं औषध पोटाला आणि हाताला त्रास देऊ शकतं हे आधीच माहीत असू द्या.

दुसरं उदाहरण अँब्रोक्सॉलचं. हो, खोकल्याच्या सिरपमध्ये असतं तेच. कॅनडात पार्किन्सन्स डिमेन्शियाच्या ५५ लोकांवर वर्षभर त्याची ट्रायल झाली आणि २०२५ मध्ये निकाल आला: सुरक्षित वाटलं, पण बुद्धीच्या मुख्य चाचणीत प्लासिबोपेक्षा फरक पडला नाही. मानसिक लक्षणांबद्दल थोडी आशा वाटावी असं काही दिसलं म्हणून पुढे अभ्यास व्हायला हवाच. पण बातमी आली की लोक मेडिकलमधून खोकल्याची बाटली आणून वडिलांना द्यायला लागतात. कृपा करून हे करू नका. ट्रायलमध्ये दिवसाला १,०५० मिलिग्रॅमपर्यंत डोस होता, शुद्ध औषध, रक्ततपासण्यांच्या नजरेखाली. आपल्या दुकानातल्या बऱ्याच सिरपमध्ये अँब्रोक्सॉलसोबत छातीची धडधड वाढवणारी दुसरी औषधं मिसळलेली असतात, त्या हिशेबाने बाटल्या पाजल्या तर माणूस दवाखान्यात जाईल. घरी औषध "तपासून बघणं" हा प्रकार या आजारात नकोच.

ट्रायल शोधायची कशी? भारतात होणारी प्रत्येक ट्रायल सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियामध्ये नोंदलेली असायला हवी. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे आणि २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याच्या आधीच नोंदवावं लागतं. सर्चमध्ये पार्किन्सन आणि डिमेन्शिया टाका, मग प्रत्येक नोंदीत चार गोष्टी बघा: भारतात भरती चालू आहे का, मुंबईत कुठलं सेंटर आहे, तिथल्या एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटचं हित आणि हक्क जपले जातात का ते बघणाऱ्या समितीची, मंजुरी आली आहे का, आणि कोणाला घेतात कोणाला नाही ती यादी. भाषा इंग्रजी आणि किचकट असते, घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीला बसवा सोबत. केईएम, नायर, सायन, जेजे अशा मोठ्या सरकारी-महापालिका हॉस्पिटलांत आणि मोठ्या खासगी हॉस्पिटलांत न्यूरॉलॉजी विभाग आहेत, पण अमुक ठिकाणी आत्ता ट्रायल चालू असेलच असं धरून सकाळी सहाला केसपेपरच्या लाइनीत जाऊन उभं राहू नका, नोंदीतल्या नंबरवर आधी फोन करा. पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही २००१ मध्ये सुरू झालेली मुंबईतली संस्था पेशंट आणि नातेवाइकांसाठी सपोर्ट ग्रुप चालवते, तिथेही बोलून बघा, ट्रायल मिळो न मिळो तिथली माणसं तुमची भाषा बोलतात.

आणि एक ठाम सांगते. जो माणूस "नवीन उपचाराची ट्रायल आहे, एवढे लाख भरा" म्हणतो त्याच्याकडून उठून बाहेर या. खऱ्या ट्रायलमध्ये तपासायचं औषध आणि त्यासाठीच्या चाचण्या यांचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. पार्किन्सन्ससाठी स्टेम सेलच्या नावाखाली असे पैसे उकळले जातात, डोळ्यात पाणी येतं ती बिलं बघून.

आता संमतीपत्र. हे सगळ्यात जास्त घाईत उरकलं जातं आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ द्यायचा असतो. २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्सप्रमाणे पेशंटला समजेल त्या भाषेत माहितीपत्रक मिळालंच पाहिजे. मराठीत मागा. घरी न्यायला मागा, "आत्ताच सही करा" कोणी म्हणत असेल तर नाही म्हणा. सही झाल्यावर एक प्रत तुमच्या हातात आली पाहिजे. पेशंट स्वतः समजून संमती देण्याच्या अवस्थेत नसेल तर कायद्याने मान्य असलेला नातेवाईक सही करतो, पण म्हणून पेशंटला बाजूला बसवून मुलगा-डॉक्टर परस्पर ठरवतात ते मला अजिबात पटत नाही. डिमेन्शिया असलेल्या माणसालाही "रक्त काढतील, दर महिन्याला यावं लागेल, गोळी खरी असेल किंवा नसेलही, जायचं का?" एवढं कळतं. त्यांच्या चांगल्या वेळेला विचारा, पार्किन्सन्सच्या नेहमीच्या गोळीचा असर असतो तेव्हा, आणि नको म्हणाले तर नको. बिलकुल नवीन रेणू असलेल्या औषधाच्या ट्रायलमध्ये अशा पेशंटच्या संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं, कॅमेरा बघून घाबरू नका, ते तुमच्याच संरक्षणासाठी आहे, नीट समजावून सांगितलं की नाही याचा तो पुरावा असतो.

माहितीपत्रक वाचताना पेन घेऊन बसा आणि हे विचारा. प्लासिबो मिळायची शक्यता किती, अर्धी की एक तृतीयांश? आत्ता चालू असलेली रिव्हास्टिग्मिन थांबवायला लागणार का आणि थांबवल्यावर बिघडलं तर काय? एकूण किती आठवडे, किती व्हिजिट, एमआरआय किंवा पाठीतून पाणी काढणं आहे का? टॅक्सीचं भाडं देतात का, किती, कधी? ट्रायलमुळे इजा झाली तर? याचं उत्तर नियमात आहे, इजा झाली तर गरज असेल तोवर, किंवा इजा ट्रायलमुळे नव्हती हे सिद्ध होईतोवर, उपचार मोफत मिळायला हवेत, आणि इजा किंवा मृत्यू ट्रायलमुळे झाला असं ठरलं तर नुकसानभरपाईही आहे. ट्रायल संपल्यावर औषधाचा फायदा झाला असेल तर पुढे मिळणार का? आणि मध्येच सोडलं तर नेहमीची ट्रीटमेंट चालू राहील ना? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असंच असायला हवं, केव्हाही, कारण न देता सोडता येतं. पत्रकावर एथिक्स कमिटीच्या माणसाचा फोन नंबर छापलेला असतो, तो शोभेला नाही, शंका वाटली तर खरंच लावा.

सही झाली म्हणजे ट्रायलमध्ये आलात असंही नाही. आधी स्क्रीनिंग असतं, रक्त, ईसीजी, बुद्धीची चाचणी, मूडची चाचणी. हृदयाचे ठोके खूप कमी असतील, डिप्रेशन जास्त असेल, अलीकडे स्ट्रोक झाला असेल, किंवा गुण फारच जास्त वा फारच कमी आले तर घेत नाहीत. नकार आला की लोक खचतात, "बाबा नापास झाले" म्हणतात. असं काही नसतं, त्या औषधाच्या अभ्यासात ते बसत नाहीत इतकंच, आणि स्क्रीनिंगच्या रिपोर्टची कॉपी मागून तुमच्या डॉक्टरांना दाखवा, त्यात कधी कधी उपयोगाचं काही निघतं.

चाचणीच्या दिवसाबद्दल आता जरा थांबून लिहिते, कारण बिघडतं ते इथे.

लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सच्या नेहमीच्या मुख्य औषधाची, गोळी घेतल्यावर अमुक वेळाने माणूस खुलतो आणि असर उतरला की आखडतो. पहिली चाचणी खुललेल्या वेळेत झाली आणि पुढची आखडलेल्या वेळेत, तर औषधाने बिघडलं असं खोटंच दिसेल. म्हणून दर व्हिजिटला गोळी त्याच वेळी, नाश्ता तसाच, चाचणीची वेळ तीच. चष्मा आणि कानाचं मशिन न विसरता आणा, ऐकू न आलेला शब्द हा विसरलेला शब्द म्हणून मोजला जातो. आदल्या रात्री झोप झाली नसेल, ताप असेल, घरी कोणी गेलं असेल तर सांगा, तारीख पुढे घेता येते. चाचणी आईबाबांच्या भाषेत घ्यायला सांगा, मोका नावाची ३० गुणांची चाचणी मराठीतही आहे, हिच्यात मात्र जास्त गुण म्हणजे चांगलं. शिक्षण किती झालंय ते खरं सांगा, सातवीला नापास असेल तर तसंच, गुण लावताना शिक्षण धरतात. आणि घरी सराव घेऊ नका! व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चाचणी घेऊन रोज संध्याकाळी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावणारे प्रेमळ नातू मी पाहिलेत. सरावाने गुण वाढतात, डोकं सुधारत नाही, आणि निकाल खराब होतो.

एकदा एक काका घड्याळ काढत होते. गोल काढला, सगळे आकडे उजव्या अर्ध्यात दाटीने भरले, मग थांबले, डावी बाजू रिकामी आहे हे त्यांना जाणवत होतं पण काय करायचं ते सुचत नव्हतं, पेन्सिल हवेत. मागे बसलेल्या सूनबाईंना बघवेना, त्या हळूच म्हणाल्या, "पप्पा, सहा खाली." मी समजू शकते, सासऱ्यांची फजिती कोणाला बघवते? पण त्या दोन शब्दांनी चाचणी वाया गेली. तेव्हापासून नातेवाइकांना मी चाचणीच्या वेळी बाहेर बसवते आणि तुमच्याकडे कोणी बाहेर बसायला सांगितलं तर राग मानू नका.

उलट प्रसंग मुलाखतीचा. घरच्या माणसाला रोजच्या व्यवहाराबद्दल विचारतात, चहा करता येतो का, फोन लावतात का, पैसे मोजतात का. वडील शेजारी बसलेले असताना मुलगा म्हणाला, "हो हो, सगळं स्वतःचं स्वतः करतात." मग लिफ्टपाशी थांबून हळू आवाजात म्हणाला, मॅडम, गॅस चालू करून लायटर शोधत राहतात, वाण्यासमोर अख्खं पाकीट उलटं करतात, तूच घे म्हणतात. हे खरं उत्तर. वडिलांसमोर सांगायला नको वाटतं हे अगदी बरोबर आहे, त्यांचा मान राहिलाच पाहिजे, म्हणून स्पष्ट सांगा की मला वेगळं बोलायचंय. चांगला कोऑर्डिनेटर स्वतःहूनच वेगळं बसवतो.

त्यासाठी घरी एक वही ठेवा. त्यात "आज बरे होते" असं लिहू नका, त्यातून मला काहीच कळत नाही. असं लिहा: संध्याकाळी सात, खिडकीत दोन मुलं दिसली, घाबरले नाहीत, दहा मिनिटांत विसरले. दुपारी शर्टाची बटणं उलटसुलट, सांगितल्यावर जमलं. दुधाच्या पिशव्या आत आणल्या पण फ्रीजऐवजी कपाटात. पेपर वाचला, एक बातमी सांगितली. चांगलंही लिहा, वाईटही लिहा. आणि गोळी खरी आहे की प्लासिबो याचा अंदाज बांधत बसू नका, कारण एकदा "ही खरीच आहे" असं मनाने घेतलं की बरं वाटायलाच लागतं, म्हणून तर डॉक्टरलाही कळू देत नाहीत कोणाला काय मिळतंय. जिवावर बेतलं तर कोड, म्हणजे कोणाला काय मिळतंय ते, उघडायची सोय असते, ती डॉक्टरकडे असते, काळजी नको.

सोबत येणारं माणूस बदलू नका. या महिन्यात मुलगी, पुढच्या महिन्यात जावई, नंतर शेजारचे काका असं झालं की उत्तरं बदलतात आणि ते औषधामुळे की माणसामुळे हे कोणालाच सांगता येत नाही. दिवसभर सोबत असणारीच व्यक्ती हवी, भले ती कमी शिकलेली असो. नोकरीवर जाणाऱ्या इंजिनिअर मुलापेक्षा दिवसभर घरात असलेली आई किंवा सून कितीतरी नेमकं सांगते. आणि त्या बाईच्या पाठीचं, झोपेचं कोण बघतंय हेही त्याच बैठकीत ठरवा, ट्रायलचं सगळं ओझं तिच्यावर पडतं.

औषधांचं. जे जे पोटात जातं ते सगळं पिशवीत घालून पहिल्या व्हिजिटला आणा. आयुर्वेदिक, होमिओपॅथी, गावाहून आलेलं चूर्ण, सगळं. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपाच असतो, पार्किन्सन्सवर म्हणून बरेच जण कवचबीज चूर्ण घेतात आणि "ते काय औषध थोडंच" म्हणून सांगत नाहीत, त्याने डोस आणि भास दोन्ही बदलू शकतात. ट्रायल चालू असताना कुठलाही दुसरा डॉक्टर काही नवीन लिहून देत असेल तर घ्यायच्या आधी फोन. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड आणि भासांसाठी हॅलोपेरिडॉल ही दोन औषधं तर ट्रायल असो नसो, पार्किन्सन्सच्या पेशंटला आखडवतात, नाक्यावरच्या फॅमिली डॉक्टरला आठवण करून द्या. रिकाम्या स्ट्रिप फेकू नका, उरलेल्या गोळ्यांसकट परत आणा, आम्ही मोजतो. गोळी चुकली असेल तर चुकली म्हणा, कोणी ओरडणार नाही, डब्यातून काढून टाकून दिली आणि घेतली म्हणून सांगितलं तर मात्र अभ्यासाचं नुकसान होतं.

रिव्हास्टिग्मिनसारखी कॅप्सूल असेल तर जेवणासोबतच द्यायची, संकष्टी किंवा एकादशीचा कडक उपास असेल तर त्या दिवशीचं काय ते आधीच विचारून ठेवा. डोस हळूहळू, निदान चार आठवड्यांच्या अंतराने वाढवतात, लवकर गुण यावा म्हणून स्वतः वाढवू नका. तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर परत खालच्या डोसपासून सुरू करावं लागतं, आधीचा डोस तसाच दिला तर जबर उलट्या होतात. पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी, असेल तर जुना काढल्याशिवाय नवा लावायचा नाही, पाठीवर जुना राहून गेला आणि दुसरा लागला तर डबल डोस होतो. त्याच जागी पुन्हा १४ दिवस लावायचा नाही. मुंबईच्या घामात तो सुटतो, अंघोळीनंतर कातडी पूर्ण कोरडी करून, पावडर-तेल न लावता, तळहाताने दाबून धरा. वजन दर आठवड्याला करा, या औषधांनी भूक मरते आणि ते हळूहळू लक्षात येतं. चक्कर येऊन पडणं, नाडी मंद होणं, सतत उलट्या, अचानक वाढलेले भास, यासाठी पुढच्या व्हिजिटची वाट बघायची नाही.

आणि कुठल्याही कारणाने हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झाले, अगदी बाथरूममध्ये घसरून हाड मोडलं तरी, कोऑर्डिनेटरला त्याच दिवशी कळवा. अ‍ॅडमिट होणं ही गंभीर घटना धरतात आणि डॉक्टरांना ती २४ तासांत वर कळवावी लागते. ट्रायलचं कार्ड पेशंटच्या पाकिटात आणि एक फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा, रात्री दुसऱ्याच हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरला कळलं पाहिजे काय चालू आहे.

येण्याजाण्याचं मुंबईत वेगळं नियोजन लागतं. व्हिजिटच्या तारखेला पुढेमागे थोडेच दिवस चालतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या व्हिजिटा आधीच कॅलेंडरवर टाका आणि शक्य असेल तर त्या मुदतीच्या सुरुवातीचा दिवस घ्या, हिंदमाताला पाणी भरलं की परळला पोचणं होत नाही. कल्याण-डोंबिवली, विरारहून येणाऱ्यांनी सकाळच्या गर्दीच्या लोकलने आणूच नका, पाय अडकणारा माणूस दारातल्या रेट्यात उभा राहू शकत नाही, दुपारची वेळ मागून घ्या, फक्त मग दर वेळी दुपारचीच. टॅक्सीच्या पावत्या जपा. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात पार्किन्सन्स आहे, प्रमाणपत्र काढलं नसेल तर तेही काढून घ्या, ट्रायलशी संबंध नाही पण इतर ठिकाणी कामाला येतं.

शेवटची व्हिजिट झाली की बहुतेक लोक थँक्यू म्हणून जातात आणि पंधरा दिवसांनी फोन येतो की बाबा एकदम बिघडलेत. औषध थांबवल्यावर असं होऊ शकतं, खरं औषध मिळत होतं की नव्हतं हे त्या वेळी तुम्हालाही माहीत नसतं आणि आम्हालाही. म्हणून शेवटच्या व्हिजिटच्या आधीच्या व्हिजिटलाच तुमच्या नेहमीच्या न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेऊन ठेवा, ट्रायलचा सारांश, ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट आणि बुद्धीच्या चाचण्यांचे गुण लेखी मागून घ्या, आधीची रिव्हास्टिग्मिन परत सुरू करायची असेल तर कुठल्या डोसपासून हे लिहून घ्या, आणि तुम्हाला काय मिळत होतं ते अभ्यास संपून सगळ्यांचं उघड झाल्यावर कळवणार का, कोणत्या नंबरवर, हे विचारून तो नंबर त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.